लेकरू डोक्यावर पडलं : सीटी स्कॅन करायचा की नाही?

सई_चिंचवड
आधीच सांगते, पिल्लू ठणठणीत आहे. हे लिहितेय तेव्हा ते लाटण्याने पोळपाट वाजवतंय. त्यामुळे "इथे काय विचारताय, आधी डॉक्टरकडे पळा" असं लिहायला सरसावलेल्यांनी जरा दम घ्यावा. पळून आलोय. दोनदा.

झालं असं. मुलगी 14 महिन्यांची. परवा शनिवारी सकाळी तिला पलंगावर ठेवून मी कपाटातून डायपर काढायला वळले आणि मागे धप्प. तो आवाज अजून कानातून जात नाही. खाली फरशी. लगेच भोकांड पसरलं, म्हणजे शुद्ध गेली नव्हती. उजव्या कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ. सासूबाईंनी फरशीला "हात रे" करून बर्फ लावला, मी तिच्याहून मोठ्याने रडत होते आणि नवऱ्याने (इंजिनिअर आहे, इलाज नाही) टेप आणून पलंगाची उंची मोजली. गादीसकट 30 इंच.

घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. सीटी ब्रेन, अर्जंट. चिठ्ठीवर स्कॅन सेंटरचं नाव आधीपासूनच छापलेलं. आम्ही रिक्षातूनच आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला, तर ते म्हणाले आधी मला दाखवा. त्यांनी टेंगूळ बोटांनी सावकाश चाचपलं, टाळू बघितली, कानामागे बघितलं, तिच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा धरला आणि ती कोणत्या हाताने ओढते ते बघत बसले. म्हणाले, आत्ता स्कॅन नको, चार वाजेपर्यंत इथेच बसा. अकरा ते चार आम्ही त्या बाकड्यावर. पोरगी प्यायली, झोपली, उठवली, एकदा ओकली (गाजराची पेज, माझ्या ओढणीवर), मग नर्सताईंचा पेन पळवला. घरी सोडलं.

आता घरात दोन पक्ष पडलेत. सासरे आणि नवरा म्हणतात, "एकदा करून टाकला असता तर जिवाला घोर राहिला नसता." मी आणि सासूबाई (हो, आम्ही दोघी एका बाजूला) म्हणतो, डॉक्टरांनी नको म्हटलं तर नको.

प्रश्न एवढाच : हे ठरवतात कशावरून? एकाला अर्जंट वाटतं, दुसऱ्याला गरजच वाटत नाही. पोरगी तीच, टेंगूळ तेच.

भटका_कावळा
सासू-सून एका बाजूला? स्कॅन धागाकर्तीचा करा.
(ह. घ्या. पिल्लू बरंय हे वाचूनच लिहिलंय.)

तेजूची_आई
माझ्या मुलाच्या वेळी आम्ही केला होता. सोफ्यावरून पडला, वय 8 महिने. रिपोर्ट नॉर्मल. त्या रात्री शांत झोपले. पैसे गेले तर गेले.

बालवैद्य
अठरा वर्षं मुलं तपासतोय, त्यातली बरीचशी वर्षं जिल्ह्याच्या गावी. सई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

अमेरिकेत 2004 ते 2006 या काळात 25 रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या 42,412 मुलांची नोंद झाली. गंभीर दिसणारी मुलं यात नव्हती. शुद्धीत असलेली, बोलणारी, रडणारी, म्हणजे ज्यांच्याबाबत डॉक्टर गोंधळतो तीच. त्यातल्या 35 टक्के मुलांचे स्कॅन झाले. खरोखर महत्त्वाची इजा निघाली 376 मुलांत, म्हणजे 0.9 टक्के. मेंदूची शस्त्रक्रिया लागली 60 जणांना. 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि त्यातून जो नियम निघाला त्याला पेकार्न म्हणतात.

या नियमाची गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. कोणाचा स्कॅन करा हे तो मुख्यतः सांगत नाही, कोणाचा नक्की करू नका हे सांगतो. दोन वर्षांखालच्या बाळाला सहा प्रश्न. वागणं-भान नेहमीसारखं आहे का? कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र टेंगूळ आहे का? पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपली होती का? मार जोराचा होता का (या वयात तीन फुटांहून उंचावरून पडणं, वाहनाची धडक वगैरे)? हाताला कवटीची भेग किंवा खड्डा लागतो का? आणि सहावा माझा लाडका : आईबापाला मूल नेहमीसारखं वाटतंय का? सहाही उत्तरं निर्धोक असली तर धोका 0.02 टक्क्यांहून कमी. स्कॅन नको.

भान नेहमीसारखं नसेल किंवा भेग हाताला लागत असेल तर 4.4 टक्के. तिथे वाट बघायची नाही, स्कॅन.

तुमची पोरगी मधल्या गटात. उंची 30 इंच, म्हणजे तीन फुटांच्या आत, तुमच्या यजमानांची टेप वाया गेली नाही. पण टेंगूळ कपाळावर नाही, कानाच्या वर आहे. तिथलं हाड पातळ असतं. या गटात धोका 0.9 टक्के आणि नियम म्हणतो : स्कॅन किंवा काही तास निरीक्षण, डॉक्टरांनी अनुभवाने आणि आईवडिलांशी बोलून ठरवावं. म्हणजे तुम्हाला भेटलेले दोघेही नियम मोडत नव्हते. फरक एवढाच की एकाने दोन मिनिटं दिली आणि दुसऱ्याने पाच तास.

सई_चिंचवड
@बालवैद्य, खूप आभार. "कपाळ सोडून" हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी समजत होते कपाळावरचं जास्त वाईट.

बालवैद्य
उलट. कपाळाचं हाड जाड. चालायला लागलेल्या प्रत्येक पोराचं कपाळ हे त्याचं बंपर असतं.

पाटील_ऑन_बुलेट
आम्ही चिंचेवरून पडलो, विहिरीच्या काठावरून पडलो, बैलगाडीतून पडलो. आजी हळद दाबायची, वर एक धपाटा द्यायची. काय झालं आम्हाला? आजकाल पोर शिंकलं तरी स्कॅन.

भटका_कावळा
पाटील, काय झालं ते तुमचे प्रतिसाद वाचणाऱ्यांना विचारा.

रेडिओकाका
मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ. मशीन माझ्या हातात असतं. दोन-तीन गोष्टी सांगतो.

"पैसे गेले तर गेले" एवढंच नसतं. सीटी म्हणजे क्ष-किरणच, फक्त पुष्कळ. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण 2 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), म्हणजे छातीच्या शंभरेक एक्स-रेंएवढा डोस. मोठ्या माणसाला त्याचं फार नाही. लहान मुलाच्या पेशी वाढीला लागलेल्या असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं. ब्रिटनमध्ये लहानपणी स्कॅन झालेल्या पावणेदोन लाखांवर लोकांचा मागोवा घेऊन 2012 मध्ये हिशेब मांडला गेला : दहा वर्षांखालच्या मुलांचे डोक्याचे 10,000 स्कॅन केले तर पुढच्या दहा वर्षांत अंदाजे एक जास्तीचा ब्लड कॅन्सर आणि एक जास्तीची मेंदूची गाठ. कमी आहे. पण ज्याला स्कॅनची गरजच नव्हती त्याच्या पदरात तो का टाकायचा?

दुसरं. "लहान मुलाच्या सेटिंगवर करणार ना?" हे विचारायला लाजू नका. मोठ्यांच्या सेटिंगवर बाळाला विनाकारण जास्त डोस बसतो.

तिसरं, युक्ती. बाळ हललं की फोटो बिघडतो आणि पुन्हा करावा लागतो, म्हणून काही ठिकाणी झोपेचं औषध देतात. नवीन मशीनवर डोक्याचा स्कॅन काही सेकंदांचा आहे. बाळाला जागं ठेवून दमवा, मशीनजवळ पाजा, दुपट्यात घट्ट गुंडाळा. निम्मी बाळं तिथेच पेंगतात. मात्र औषध द्यायची शक्यता असेल तर पोट रिकामं लागतं, त्यामुळे पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा.

न्यूजर्सीकर
आमच्या पोराला मार लागला त्या रात्रीचं सांगतो. इथे अमेरिकेत संगणकावर हे सहा प्रश्न भरले की टक्केवारी समोर येते. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं बाई, मला वाटायला लागलं असतं तर मी इथे आलो असतो का! निर्णयात आईबापांना सामील करून घेणं चांगलं हे पटतं. पण रात्री दोन वाजता, पोराचं रक्त शर्टावर असताना, 0.9 टक्के म्हणजे काय हे डोक्यात शिरत नाही. शेवटी चार तास बसलो. बिल आलंच, बसण्याचंही येतं.

आकडेबहाद्दर
थोडं मीठ टाकतो. पेकार्नमध्ये नियम आधी एका गटावर बनवला आणि मग वेगळ्या गटावर पडताळला. पडताळणीत दोन वर्षांखालची 1,176 बाळं "स्कॅन नको" म्हणून निघाली आणि त्यातल्या एकालाही महत्त्वाची इजा नव्हती. लोक याला 100 टक्के म्हणतात. पण 1,176 पैकी शून्य म्हणजे खरोखरचं शून्य नव्हे. अशा वेळी एक सोपा आडाखा असतो : 3 ला एकूण संख्येने भागा. 3 भागिले 1,176, म्हणजे पाव टक्का. खरा धोका तिथपर्यंत असू शकतो एवढंच ही पडताळणी सांगते. दोन वर्षांवरच्या मुलांत तर 3,800 पैकी दोघं निसटली होती. त्या दोघांना शस्त्रक्रिया लागली नाही ही गोष्ट वेगळी.

भटका_कावळा
बहाद्दर, तुमच्या घरी भाजीवालीसुद्धा येत नसेल.

आकडेबहाद्दर
येते. मीच पिशवीचं वजन करतो.

माई_सांगली
पाटील, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. राहवत नाही म्हणून लिहिते.

1969 चा मे महिना. माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा, चिंचेवरून पडला. उठला, चड्डी झटकली, चालत घरी आला. कोणाला सांगू नको म्हणाला मला. पाटावर बसून दोन वाट्या आमरस खाल्ला. मग डोकं दुखतंय म्हणाला. आईने सुंठ उगाळून लावली. ऊन लागलं असेल म्हणून सगळ्यांनी त्याला झोपू दिलं. संध्याकाळी तो घोरत होता, आणि वडील म्हणाले हे घोरणं बरं नाही. गाडी मिळेपर्यंत रात्र झाली. मिरजेला पोचलो तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. ती मला अजून दिसते.

"आम्हाला काय झालं" हे ज्यांना काही झालं नाही तेच सांगू शकतात. मी त्याच्याबरोबर झाडाखाली होते आणि पन्नास वर्षं गप्प होते.

पाटील_ऑन_बुलेट
माई, माफ करा. असं लिहायला नको होतं.

बालवैद्य
माई, नमस्कार. तुमच्या भावाचं जे झालं ते बहुधा कवटी आणि तिच्या आतलं आवरण यांच्यामधला रक्तस्राव असावा. कानाच्या वरच्या भागात हाडाच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते, ती फाटली की असं होतं. माणूस मधले काही तास चांगला असतो, बोलतो, जेवतो, आणि मग दाब वाढला की झपाट्याने खालावतो. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री 2009 मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडली, उठून हसली-बोलली, सुरुवातीला मदत नको म्हणाली, आणि दोन दिवसांनी गेली. तेच.

आणि म्हणूनच "चार तास बसा" म्हणजे टाळाटाळ नव्हे. हेच मधले तास आम्ही बघत असतो.

रेडिओकाका
माई, एक सांगू? 1969 मध्ये हे मशीन जगातच नव्हतं. पहिला माणूस स्कॅन झाला तो 1 ऑक्टोबर 1971 ला, लंडनजवळ विंबल्डनच्या रुग्णालयात. तुमच्या घरच्यांच्या हातात काही नव्हतं.

माई_सांगली
हे मला ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

लंडनचा_पोपट
आमच्याकडे नाइसची (इथली सरकारी आरोग्य-मार्गदर्शन संस्था) मार्गदर्शक तत्त्वं. पेकार्नपेक्षा थोडी वेगळी. फिट आली, एक वर्षाखालच्या बाळाच्या डोक्यावर 5 सेंटिमीटरहून मोठी सूज किंवा जखम असली, टाळू ताणलेली असली की तासाभरात स्कॅन. बाकी सौम्य लक्षणं (तीन किंवा अधिक उलट्या, गुंगी वगैरे) यातलं एकच असेल तर निदान चार तास निरीक्षण. एकाहून जास्त असतील तर स्कॅन. तिथे पडण्याची धोक्याची उंची 3 मीटर, तीन फूट नव्हे. नवऱ्याला सांगा टेप बदलावी लागेल.

एक अनुभव. माझी मुलगी 10 महिन्यांची असताना बदलायच्या टेबलावरून पडली. तपासणी झाल्यावर एका वेगळ्या नर्सने मला आणि बायकोला वेगवेगळं विचारलं : कशी पडली, कोण होतं खोलीत, रडायला किती वेळ लागला. कानशिलं तापली माझी. नंतर घरी हेल्थ व्हिजिटरचा (लहान बाळांच्या घरी विचारपूस करणारी सरकारी नर्स) फोन आला. तेव्हा अपमान वाटला. नंतर कळलं की जी बाळं स्वतः सांगू शकत नाहीत त्यांच्यासाठी हे प्रत्येकालाच विचारतात, आणि कधीकधी सांगितलेली गोष्ट आणि लागलेला मार जुळत नाही.

तेजूची_आई
आपल्याकडे असं विचारलं तर डॉक्टरलाच स्कॅन लागेल.

वकील_नगर
कोणी तरी हा कोपरा घ्यायलाच हवा. डॉक्टर "करून टाका" का म्हणतात? चिठ्ठीवर छापलेलं नाव हे एक कारण असेल, नाकारत नाही. पण दुसरं कारण आम्ही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. योग्यच झालं. पण तेव्हापासून "स्कॅन का नाही केला?" हा प्रश्न कोर्टात विचारला जातो, "स्कॅन का केला?" असं विचारणारा अशील मला अजून भेटलेला नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयाने अंदाज चुकणं आणि निष्काळजीपणा यांत फरक केला आहे. ज्या डॉक्टरने केसपेपरवर वेळ घालून लिहिलंय की अकराला असं होतं, एकला असं होतं, चारला असं होतं, त्याची बाजू भक्कम असते. ज्याने "ओके" एवढंच लिहिलंय तो फसतो.

बालवैद्य
सहमत. आणखी एक कटू सत्य : स्कॅन लिहायला एक मिनिट लागतं. पाच तास बाळ बघायला बाकडं लागतं, नर्स लागते, दर अर्ध्या तासाने कोणी तरी उठावं लागतं. याचं बिल पेशंट देत नाहीत. "नुसतं बसवून ठेवलं आणि पैसे घेतले" असं मी स्वतः ऐकलंय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दहा रुग्णालयांत वीस हजारांवर मुलांचा अभ्यास 2017 मध्ये आला. तिथे स्कॅन झालेल्यांचं प्रमाण होतं साधारण 10 टक्के. अमेरिकेत ते 35 होतं. ऑस्ट्रेलियातली पोरं काही वेगळ्या डोक्याची नाहीत. तिथले डॉक्टर बघत बसतात.

राजापूरवाला
हे सगळं शहरात ठीक. आमच्या गावापासून सीटीचं मशीन पावणेदोन तास, पावसात तीन. गेल्या गणपतीत पुतण्या (6 वर्षं) बाइकवरून पडला. पुढे टाकीवर बसवला होता. प्राथमिक केंद्रातले डॉक्टर तरुण, बॉन्डवरचे (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा). त्यांनी सरळ सांगितलं : तीन उलट्या झाल्यात, डोकं खूप दुखतंय म्हणतोय, इथे बसून चार तास बघणं परवडणार नाही. बिघडला तर मशीनपर्यंत पोचायला वेळच उरणार नाही. 108 बोलावली आणि लगेच पाठवलं. स्कॅन नॉर्मल निघाला. कोणी म्हणालं उगाच धावाधाव. मला नाही वाटत.

बालवैद्य
त्या बॉन्डवरच्या डॉक्टरला माझा सलाम सांगा. दोन वर्षांवरच्या मुलांच्या यादीत शुद्ध हरपणं, उलट्या, तीव्र डोकेदुखी, पाच फुटांहून उंचावरून पडणं हे सगळं आहे, आणि नियमात नसलेला सातवा प्रश्न त्याने स्वतः घातला : मशीन किती लांब?

तेजूची_आई
टाकीवर बसवलेला, म्हणजे हेल्मेट नव्हतंच. 2022 ला केंद्राने नियम केलाय ना? 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला बाइकवर हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 च्या आत.

पाटील_ऑन_बुलेट
लहान पोराच्या मापाचं हेल्मेट आमच्या तालुक्यात मिळत नाही. मी पुण्याहून आणलं. सौ. हसली. हसू दे. (कालपासून वापरतोय. माई, तुमच्यामुळे.)

फॅक्टरआठ
या सगळ्यातून एक गट वगळा. माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे. रक्त न गोठण्याचा आजार किंवा डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असलेल्या मुलांना या नियमाच्या हिशेबात धरलंच नव्हतं. आमच्याकडे डोक्याला मार लागला की टेंगूळ असो-नसो, आधी फॅक्टरचं (रक्त गोठवणारा घटक) इंजेक्शन, मग स्कॅन. स्कॅनच्या रांगेत उभं राहून फॅक्टरला उशीर करायचा नाही. दोन वेळा इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना हे मीच सांगितलंय. फ्रिजवर चिठ्ठी लावलीय, शाळेच्या दप्तरात दुसरी.

मंजिरी_तळेगाव
बाळांच्या वॉकरबद्दल कोणीच कसं बोललं नाही? माझा भाचा वॉकरसकट जिन्यावरून गेला. कॅनडात 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, जुना विकणंही गुन्हा. आपल्याकडे बारशाला भेट देतात.

भटका_कावळा
आमच्या मामाने दिलेला. मामाशी अजून बोलतो, पण जपून.

तेजूची_आई
एक शंका. झोपू द्यायचं की नाही? आमच्याकडे सासूबाईंनी रात्रभर जागं ठेवलं होतं. बाळ चिडचिडं झालं, आणि मग "बघा, चिडचिड करतंय" म्हणून पुन्हा दवाखान्यात.

बालवैद्य
झोपू द्या. तपासून सोडलेलं बाळ नेहमीच्या वेळी नेहमीसारखं झोपलं तर छानच. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रात्रीत एक-दोनदा हलवा, कुरकुर करून कूस वळली की पुरे. उठतच नाही, घोरणं वेगळं येतंय, परत परत ओकतंय, एक हात वापरत नाही, फिट आली, कानानाकातून पाण्यासारखं काही येतंय : मग घड्याळ बघायचं नाही, निघायचं. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन नको.

आणि सई, त्या टेंगळावर रोज बोट फिरवा. कडक असेल आणि लहान होत असेल तर उत्तम. मऊ पडून पसरायला लागलं तर मला नको, तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

सई_चिंचवड
अपडेट. मंगळवार रात्र, हॉस्पिटलमधून लिहितेय. घाबरू नका.

बालवैद्य यांनी लिहिलं म्हणून सकाळी तिला न्हाऊ घालताना बोट फिरवलं. टेंगूळ मऊ लागलं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं, आणि कडा कुठे संपते कळेना. पोरगी मात्र मजेत, मगातलं पाणी माझ्यावर ओततेय. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चाचपलं आणि गप्प झाले, ते पाच सेकंद फार वाईट. सोनोग्राफीचं प्रोब टेंगळावर ठेवलं तर हाडाच्या रेषेत बारीक खंड दिसला. मग म्हणाले, आता करायचा.

रेडिओकाका, तुमची युक्ती चालली! डॉक्टरांना विचारून पाजलं, दुपट्यात गुंडाळलं, बाई पेंगल्या. औषध लागलं नाही. "लहान मुलाच्या सेटिंगवर ना?" हे सासऱ्यांनीच विचारलं, मोठ्याने, दोनदा.

रिपोर्ट : उजव्या बाजूच्या हाडाला केसाएवढी सरळ भेग. आत रक्तस्राव नाही. उपचार काहीच नाहीत, आपोआप भरते. एक रात्र देखरेखीला ठेवलंय, उद्या सोडतील. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, कारण या वयात क्वचित भेग मिटायच्या ऐवजी रुंदावते.

नवरा म्हणतोय, "बघ, मी म्हणत होतो." सासूबाई म्हणतात, "मग काय वेगळं केलं त्यांनी? टाका घातला की गोळी दिली?" दोघंही खरं बोलतायत आणि मला दोघांनाही बाहेर घालवावंसं वाटतंय.

आकडेबहाद्दर
सासूबाईंच्या बाजूने एक नोंद. पेकार्नमध्ये 'महत्त्वाची इजा' कशाला म्हणायचं हे ठरलेलं होतं : मृत्यू, मेंदूची शस्त्रक्रिया, एक दिवसाहून जास्त श्वासनलिकेत नळी, किंवा स्कॅनमध्ये इजा दिसून दोन रात्री तरी भरती. एक रात्र राहून घरी जाणारी नुसती भेग त्या 376 मध्ये मोजलीच गेली नसती.

मंजिरी_तळेगाव
आईला जाऊन सांगा, तुमच्या पोरीच्या कवटीची भेग मोजली जात नाही म्हणून.

आकडेबहाद्दर
बरोबर. चुकलो. सई, सॉरी.

बालवैद्य
माझीही एक कबुली. शनिवारी मी असतो तर मीही "बसा" म्हटलं असतं, आणि भेग माझ्याही बोटाला लागली नसती. ताजं टेंगूळ टणक असतं, खालचं काही कळू देत नाही. रक्त पातळ होऊन पसरलं की मऊ लागतं, म्हणून अशी बाळं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येतात. तुमच्या डॉक्टरांनी शनिवारी बघितलं ते शनिवारचं, आज बघितलं ते आजचं.

रेडिओकाका
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पंचवीस वर्षांत सेटिंग विचारणारा पहिला आजोबा.

माई_सांगली
पोरीची मीठ-मोहरीने दृष्ट काढा. कोणत्याही अभ्यासात नसलं तरी.

सई_चिंचवड
काढली, माई. हॉस्पिटलमध्ये जाळता येत नाही म्हणून सासूबाईंनी मीठ-मोहरी बेसिनमध्ये सोडली. आता गादी खाली फरशीवर आणि पलंग विकायला काढलाय.

भटका_कावळा
पलंग कितीला? माप काय?

सई_चिंचवड
क्वीन साइझ, सागवानी. उंची गादीसकट 30 इंच, मोजलेली आहे.